जठरातल्या खुणा

कोपनहेगनच्या एका साखर कारखान्यात उंदीर आणि झुरळं दोघांचाही सुळसुळाट होता, आणि योहानेस फिबिगर या डॅनिश विकृतिशास्त्रज्ञाला नेमकी तशीच जागा हवी होती. १९०७ साली त्यांना तीन उंदरांच्या जठरात गाठी दिसल्या होत्या आणि त्या गाठींत एक बारीक कृमी सापडला होता. हा कृमी झुरळामार्फत उंदराच्या पोटात जातो, हे त्यांनी हुडकून काढलं. मग प्रयोगशाळेतल्या उंदरांना झुरळं खाऊ घालून त्यांच्या जठरात तशाच गाठी उठवून दाखवल्या. कृमीमुळे जठराचा कर्करोग होतो, असं त्यांनी १९१३ साली जाहीर केलं. १९२६ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. पुढे कळलं की त्या गाठी कर्करोगाच्या नव्हत्याच. उंदरांच्या खाण्यात ‘अ’ जीवनसत्त्व कमी होतं, त्यात कृमींचा उपद्रव, आणि त्यामुळे जठराचं अस्तर नुसतंच जाड झालं होतं.

त्याच वेळी नोबेलसाठी आणखी एका नावाचा विचार झाला होता. टोकियोच्या शाही विद्यापीठातले विकृतिशास्त्राचे प्राध्यापक काट्सुसाबुरो यामागिवा. त्यांना ते मिळालं नाही. जठराच्या कर्करोगाबद्दल आज जे कळलं आहे, त्याच्याकडे पाहिलं तर या दोघांमध्ये काळाच्या कसोटीला उतरला तो यामागिवांचा विचार, यात शंका राहत नाही.

यामागिवांचा जन्म १८६३ सालचा, उएदा गावातला. तरुणपणी ते बर्लिनला जाऊन रुडॉल्फ फिर्खो या विकृतिशास्त्रज्ञांकडे शिकले. एखाद्या जागी दीर्घकाळ क्षोभ होत राहिला, तर तिथल्या पेशी बिघडतात आणि त्यातून कर्करोग उद्भवतो, असं फिर्खो यांचं मत होतं. यामागिवा ते मत घेऊन जपानला परतले. तिथे शवविच्छेदनाच्या टेबलावर सगळ्यात जास्त दिसणारा कर्करोग होता तो जठराचा. कापलेल्या जठरांचे पातळ छेद घेऊन ते वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले. जठराच्या कर्करोगाच्या उगमावरचा त्यांचा ग्रंथ १९०५ साली प्रसिद्ध झाला. अस्तरातल्या ग्रंथींच्या पेशी मुळात निरोगी असतात, वारंवार डिवचल्या गेल्याने त्या पायरीपायरीने बदलत जातात, हा त्यांचा सिद्धान्त होता.

पण हे प्रयोगाने सिद्ध कसं करायचं? जठरापर्यंत रोज हात पोचणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी सशाचा कान निवडला. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे वृषणकोशाचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ सालीच लिहून ठेवलं होतं. काजळी आणि डांबर यांच्यावर संशय होताच. युरोपात काही जणांनी जनावरांना डांबर लावून पाहिलं होतं, पण काही घडत नाही म्हणून ते सोडूनही दिलं होतं. यामागिवा आणि त्यांचे तरुण सहकारी कोइची इचिकावा यांनी ते सोडलं नाही. दर दोन-तीन दिवसांनी सशाच्या कानाला कोळशाचं डांबर चोळायचं, पुन्हा चोळायचं, महिनोन् महिने चोळत राहायचं. यामागिवांना क्षयाने ग्रासलं होतं, त्यामुळे रोजचं काम बहुतांशी इचिकावांच्या अंगावर पडलं. १९१५ साली सशांच्या कानांवर खरा कर्करोग उगवला. माणसाने ठरवून, एका पदार्थाने, प्राण्यात घडवून आणलेला तो पहिला निर्विवाद कर्करोग. चिकाटीला विज्ञानात काय मोल असतं, ते इथे दिसतं. डांबर तेच होतं. आधीच्यांना कमी पडला तो वेळ.

हा ‘वेळ’ पुढच्या शंभर वर्षांच्या गोष्टीत पुन:पुन्हा येतो.

जपानमध्ये विसाव्या शतकाचा बराचसा काळ पोटाच्या दुखण्याने झाकोळलेला होता. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी १९१६ साली जठराच्या व्रणातून झालेल्या रक्तस्रावाने गेले. १९५२ साली अकिरा कुरोसावांनी ‘इकिरू’ हा चित्रपट केला, तेव्हा त्यातल्या वृद्ध कारकुनाला कोणता आजार द्यायचा, हा प्रश्न पडण्यासारखी स्थितीच नव्हती. आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांमध्ये ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांना दवाखान्यातलं ते दृश्य आठवत असेल. बाकावर शेजारी बसलेला एक रुग्ण त्याला सांगतो, डॉक्टर ‘साधा व्रण आहे, हवं ते खा’ म्हणाले की समजायचं, कर्करोग आहे. आत गेल्यावर डॉक्टर अक्षरश: तेच बोलतात. निदान लपवण्याची ती रीत जपानी डॉक्टरांमध्ये तेव्हा सर्वमान्य होती, कारण निदान होईपर्यंत करण्यासारखं फारसं काही उरलेलंच नसे.

उरलेलं असावं, यासाठी एक वेगळाच व्यवसाय जपानमध्ये उभा राहिला: जठराच्या आत डोकावण्याचा. १९५० साली टोकियो विद्यापीठाच्या रुग्णालयातले शल्यचिकित्सक तात्सुरो उजी आणि ऑलिंपस कंपनीतले अभियंते मुत्सुओ सुगिउरा यांनी मिळून ‘गॅस्ट्रोकॅमेरा’ बनवला. लवचिक नळीच्या टोकाला इवलासा कॅमेरा, इवलासा दिवा आणि अरुंद फिल्मचं रीळ. रुग्णाने ती नळी गिळायची. आत काय दिसतंय, हे फोटो काढताना डॉक्टरांना दिसत नसे. खोलीत अंधार करायचा, दिवा लुकलुकला की पोटाच्या कातडीतून त्याचा उजेड कुठे उमटतो ते पाहायचं आणि त्यावरून कॅमेरा जठराच्या कोणत्या भागात आहे याचा अंदाज बांधायचा. फिल्म धुऊन आल्यावरच कळायचं, हाती काय लागलं ते.

त्याच दशकात हिकोओ शिराकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेरियम आणि हवा दोन्ही जठरात भरून क्ष-किरण चित्रं काढण्याची पद्धत घासूनपुसून इतकी बारीक केली, की अस्तराची एकेक घडी चित्रात उठून दिसू लागली. मग क्ष-किरण यंत्र बसवलेल्या गाड्या खेडोपाडी फिरू लागल्या. त्यांची सुरुवात तोहोकू विद्यापीठाच्या तोशिओ कुरोकावांनी मियागी प्रांतात केली. १९६२ साली जपानच्या एंडोस्कोपी संघटनेने ‘प्राथमिक अवस्थेतला जठराचा कर्करोग’ म्हणजे काय, याची व्याख्या ठरवली. रोग अस्तरात किंवा त्याच्या लगतच्या थरात अडकलेला असेल, स्नायूपर्यंत पोचला नसेल, तर तो प्राथमिक. आजही जगभर तीच व्याख्या चालते. १९८३ पासून ही तपासणी वयस्कांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य योजनेचा भाग झाली. जपानी डॉक्टरांनी हजारो माणसांचे कर्करोग असे वेळीच पकडले. ही कामगिरी थोर आहे आणि तिची आपल्याकडे पुरेशी ओळख नाही.

मात्र रोग होतो कशाने, याचं उत्तर कॅमेऱ्यात नव्हतं. ते शोधायला मदत झाली समुद्र ओलांडून गेलेल्या माणसांची. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपान्यांचा अभ्यास विल्यम हॅन्झेल आणि मिनोरू कुरिहारा यांनी १९६८ साली प्रसिद्ध केला. जपानमध्ये जन्मून अमेरिकेत गेलेल्यांमध्ये जठराच्या कर्करोगाचं प्रमाण चढंच राहत होतं. अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या मुलांमध्ये ते घसरत होतं. वंश तोच, रक्त तेच, आणि तरीही एका पिढीत फरक. म्हणजे दोष वंशात नाही. खारवलेले मासे, लोणची, मिसो (सोयाबीन आंबवून केलेली खारट पेस्ट) यांच्याकडे बोट दाखवलं गेलं, आणि घरोघरी आलेल्या फ्रिजने हे खारवणं कमी केल्याचा फायदा झाला, हेही खरं. पण या अभ्यासाचा अर्थ आणखी खोल होता. बालपणी जठराला जे लागलं, ते देश बदलल्यावरही साथ सोडत नव्हतं.

बालपणी नेमकं काय लागतं, ते ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात उमगलं. विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून जठराच्या छेदांत वळणदार जंतू दिसत होते. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरांसोबत ते जंतू वाढवायची खटपट सुरू झाली आणि एकामागून एक ताटल्या रिकाम्याच निघाल्या. दोन दिवसांत काही उगवलं नाही की ताटली टाकून द्यायची, असा शिरस्ता होता. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत एक ताटली तशीच राहून गेली, आणि सुट्टी संपल्यावर तिच्यात जंतूंच्या वसाहती दिसल्या. इथेही कमी पडत होता तो वेळच. १९८४ साली मार्शल यांनी स्वत: तो जंतू पिऊन जठरदाह ओढवून घेतला. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचं आजचं नाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याला कर्करोगकारक ठरवलं आणि २००५ साली वॉरन-मार्शल यांना नोबेल मिळालं.

शेवटचं शिक्कामोर्तब जपानमधून झालं. कुरे शहरातले नाओमी उएमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षं लक्ष ठेवलं. संसर्ग असलेले १,२४६ आणि नसलेले २८०. जठराचा कर्करोग ३६ जणांना झाला. ते सगळे संसर्ग झालेल्यांपैकी होते. संसर्ग नसलेल्यांत एकही नाही. २००१ सालचा हा निकाल वाचल्यावर वाद घालायला जागाच उरली नाही.

तरी एक गाठ सुटत नव्हती. प्रतिजैविकं देऊन जंतू पूर्ण नाहीसा केला, तरी काही माणसांना पाच-दहा वर्षांनी कर्करोग होत होता. चोर घरातून हाकलला, मग नुकसान अजून कसं चालू?

याचं उत्तर पेशीच्या केंद्रकात सापडलं, आणि त्यालाही स्वत:चा इतिहास आहे. एकाच फलित अंड्यातून यकृताची, कातडीची, मज्जातंतूची पेशी कशी घडते, या प्रश्नाच्या मागे लागलेल्या कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली एपिजेनेटिक्सची कल्पना मांडली. डीएनएमधली अक्षरं सगळ्या पेशींत सारखीच असतात. कोणतं जनुक बोलेल आणि कोणतं गप्प राहील, हे मात्र पेशीगणिक ठरतं. १९७५ साली इंग्लंडमध्ये रॉबिन हॉलिडे आणि जॉन प्यू यांनी, तर अमेरिकेत आर्थर रिग्ज यांनी स्वतंत्रपणे सुचवलं, की हे ठरवणारी खूण मेथिल गटाची असावी. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढाच हा गट. डीएनएतल्या ‘सी’ अक्षराच्या लगेच पुढे ‘जी’ असेल, तर त्या ‘सी’ला तो चिकटतो. अनेक जनुकांच्या तोंडाशी अशा जोड्यांची दाटी असते. तिथे मेथिल गट भरले, की भोवतालचा डीएनए आवळला जातो आणि जनुक वाचणारी यंत्रणा आत शिरू शकत नाही. घराचं वायरिंग शाबूत असावं, फक्त एका बटणावर कुणी चिकटपट्टी लावून ठेवावी, तसं. शिवाय पेशी दुभंगताना एक विकर जुन्या धाग्यावरच्या खुणा पाहून नव्या धाग्यावरही तशाच उमटवतं. म्हणून मूळ कारण नाहीसं झालं, तरी खूण पुढच्या पेशीत जाते.

जठराच्या कर्करोगात ही खूण किती घातक ठरते, हे एका प्रथिनाच्या गोष्टीतून कळलं. क्योतोमध्ये मासातोशी ताकेइची यांनी १९८०च्या दशकात पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या प्रथिनांचा शोध लावला आणि त्यांना कॅडहेरिन हे नाव दिलं. त्यातलं ई-कॅडहेरिन जठराच्या अस्तराला एकसंध ठेवतं. ते गेलं की पेशी सुट्या होऊन भिंतीत विखुरतात. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या सेत्सुओ हिरोहाशी यांच्या गटाने १९९५ साली दाखवलं, की अनेक गाठींमध्ये ई-कॅडहेरिनचं जनुक तुटलेलं नसतंच. मेथिलच्या खुणांनी ते बंद केलेलं असतं.

त्याच सुमारास न्यूझीलंडमधलं एक माओरी कुटुंब पिढ्यान् पिढ्या जठराच्या कर्करोगाने माणसं गमावत होतं. तीस वर्षांत पंचवीसहून अधिक मृत्यू, त्यात कोवळ्या वयाची मुलंही. या कुटुंबाने स्वत: पुढाकार घेऊन ओटागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना गाठलं. पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली कारण सांगितलं: ई-कॅडहेरिनच्या जनुकाची एक प्रत या माणसांत जन्मत:च बिघडलेली होती. पण माणसाला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात. दुसरी चांगली प्रत का उपयोगी पडत नव्हती? २००० साली उत्तर आलं. अशा कुटुंबांतल्या कित्येक गाठींमध्ये ती दुसरी प्रत मेथिलने गप्प केलेली आढळली. एक घाव वारशाने आलेला, दुसरा आयुष्यात पडलेला, आणि दुसऱ्या घावात एकही अक्षर बदललेलं नाही.

आता जंतूचा आणि खुणेचा संबंध जोडायचा राहिला होता. ते काम त्याच राष्ट्रीय कर्करोग केंद्रात तोशिकाझू उशिजिमा यांच्या प्रयोगशाळेत झालं.  उशिजिमांच्या गटाने कर्करोग नसलेल्या निरोगी माणसांच्या अस्तराचे कण तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष धक्का देणारा होता. संसर्ग असलेल्यांच्या अस्तरात, तपासलेल्या जागांनुसार, मेथिलच्या खुणा ५.४ पटींपासून ३०३ पटींपर्यंत जास्त होत्या. गाठीचा पत्ताही नव्हता आणि जमीन मात्र तयार झाली होती. ज्यांचा संसर्ग आता संपला होता त्यांच्यात खुणा कमी दिसल्या, पण त्यांच्यापैकी कर्करोग झालेल्यांमध्ये त्या निरोगी माणसांपेक्षा जास्तच होत्या. अस्तराच्या वरवरच्या पेशी काही दिवसांत झडून नव्या येतात. त्यांच्यावरच्या खुणा त्यांच्याबरोबर जातात. ग्रंथींच्या तळाशी असलेल्या मूळपेशींवर ज्या उमटल्या, त्या मात्र कायमच्या राहतात.

खूण उमटवतं कोण, जंतू की दाह? मंगोलियन जर्बिल या वाळवंटी उंदरावर याचा फैसला झाला. जर्बिलना जंतूचा संसर्ग घडवला आणि काहींना सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं. या औषधाने जंतू मरत नाहीत. त्यांची संख्या कमी झाली नाही, दाह मात्र शमला, आणि त्यासरशी मेथिलच्या खुणाही जवळपास थांबल्या. २०१० सालचा हा प्रयोग. म्हणजे गुन्हेगार आहे तो जंतूने पेटवून दिलेला आणि वर्षानुवर्षं धुमसणारा दाह. फिर्खो आणि यामागिवा ज्याला क्षोभ म्हणत होते, तो हाच. १९०५ साली सूक्ष्मदर्शकातून जे केवळ पायरीपायरीने होणारा बदल म्हणून दिसत होतं, त्याचा रेणूंतला हिशेब शंभर वर्षांनी हाती आला.

इतर वाटांनीही हेच घडतं. अमेरिकेच्या कर्करोग जनुकसंच प्रकल्पाने २०१४ साली २९५ गाठींचा सखोल तपास करून जठराच्या कर्करोगाचे चार प्रकार पाडले. सुमारे ९ टक्के गाठी एप्स्टीन-बार विषाणूच्या होत्या, आणि त्यांत मेथिलच्या खुणांचा अक्षरश: पूर होता. त्या प्रकल्पाने तोवर तपासलेल्या कोणत्याही कर्करोगात एवढ्या खुणा आढळल्या नव्हत्या. आणखी सुमारे २२ टक्के गाठींचा जो गट होता, त्यात डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारं एमएलएच१ हे जनुक बहुधा मेथिलने बंद झालेलं असतं. चुका साचत जातात, गाठ परकी दिसू लागते, आणि म्हणून अशा रुग्णांना आज प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांचा चांगला उपयोग होतो.

भारतात हा जंतू घरोघरी आहे, पण जठराचा कर्करोग देशभर सारखा नाही. मुंबईत १९६३ साली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली, बार्शीत १९८७ साली ग्रामीण भागातली. दोन्हीकडे जठराचा कर्करोग तोंडाच्या आणि स्तनाच्या कर्करोगांच्या बराच मागे राहिला आहे. याउलट मिझोराममध्ये त्याचं प्रमाण देशात सर्वाधिक आहे. तिथे धुरावर वाळवलेलं मांस खातात आणि तंबाखूचा धूर पाण्यातून काढून बनवलेलं ‘तुइबुर’ तोंडात धरतात. काश्मीर खोऱ्यातही प्रमाण चढं आहे. जंतू, त्याची जात, त्याच्यावर पडणारी मीठ-धुराची भर आणि यजमानाची प्रकृती, असं हे मिळून घडतं.

खुणा मोजून धोका ओळखता येतो, हे जपानने दाखवलं आहे. प्राथमिक कर्करोग एंडोस्कोपीने काढून, जंतूही घालवलेल्या रुग्णांचा पाठपुरावा अनेक रुग्णालयांनी मिळून केला. अस्तरात खुणा सर्वांत जास्त असलेल्या चौथ्या हिश्शातल्या रुग्णांना पुन्हा नवी गाठ होण्याचा धोका सर्वांत कमी खुणा असलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. खुणा पुसणारी औषधंही आहेत. रक्ताच्या एका विकारासाठी अझासायटिडीनला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. अशाच औषधाने जर्बिलमधला जठराचा कर्करोग निम्म्याहून खाली आला. पण ही औषधं शरीरभरच्या खुणा पुसतात, हव्या त्याही. निरोगी माणसाला ती देता येत नाहीत.

म्हणून जपानने खुणा पडण्याआधीच गाठायचं ठरवलं आहे. नुसत्या जठरदाहासाठीही जंतू घालवण्याचा खर्च तिथला आरोग्य विमा फेब्रुवारी २०१३ पासून देतो. सागा प्रांताने तर २०१६ पासून माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्गातल्या, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची तपासणी सुरू केली. शाळेच्या नेहमीच्या तपासणीत घेतलेल्या लघवीच्या नमुन्यातच जंतूची चाचणी होते, संशय आला तर शौचाची, आणि संसर्ग पक्का ठरला की पालकांच्या संमतीने आठवडाभराचं औषध दिलं जातं.